वर्गात स्क्रीन की पुस्तक? आधी विचारा, ती स्क्रीन करते काय

‘स्वीडनने शाळांमधून टॅब्लेट हद्दपार केले, आणि आपण मात्र उलट्या दिशेने चाललोय’ असा एक मेसेज गेली दोन-तीन वर्षं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्याच ग्रुपवर एखाद्या शाळेची जाहिरातही येते : ‘आमच्याकडे पहिलीपासून डिजिटल क्लासरूम!’ एका मेसेजप्रमाणे स्क्रीन म्हणजे विष, दुसऱ्याप्रमाणे स्क्रीन म्हणजे प्रगती. माझं काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे, त्यामुळे ओळखीचे पालक मलाच विचारतात, ‘तूच सांग, खरं काय?’

माझं उत्तर असं की प्रश्नच थोडा बदलायला हवा. स्क्रीन चांगली की वाईट हे विचारण्याआधी, ती स्क्रीन वर्गात नेमकं कुठलं काम करतेय हे विचारायला हवं. कागदाचंच काम करत असेल, तर लहान मुलांसाठी कागद सरस ठरतो. कागदाला न जमणारं काम करत असेल, तर तिचा उपयोग होऊ शकतो. हे कशावरून, ते आता बघू.

एक मर्यादा आधीच सांगतो. हा लेख पहिली ते चौथीच्या वर्गांबद्दल आहे. या वयात मूल वाचायला शिकत असतं. पुढच्या इयत्तांमध्ये ते वाचून शिकतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिली कच्ची राहिली तर दुसरी होतच नाही.

स्वीडनमध्ये नेमकं काय झालं?

स्वीडन हा शाळांमध्ये संगणक आणि टॅब्लेट लवकर आणणाऱ्या देशांपैकी एक. तिथे बालवाडीतही डिजिटल साधनं वापरणं अभ्यासक्रमाने अपेक्षित केलं होतं. २०२२ च्या शेवटी नवं सरकार आलं आणि २०२३ मध्ये शाळाविषयक मंत्री लोटा एडहोम यांनी दिशा बदलली. बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरलं. शाळांसाठी तयार झालेला नवा डिजिटल आराखडा थांबवला. छापील पाठ्यपुस्तकांसाठी २०२३ मध्ये ६८.५ कोटी क्रोनर जाहीर झाले आणि पुढच्या दोन वर्षांसाठी दरवर्षी ५० कोटी. तिथल्या प्रसिद्ध कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटनेही छापील पुस्तकं आणि शिक्षकांच्या ज्ञानावर पुन्हा भर द्या, असं मत दिलं होतं.

या बदलामागे एक आकडा सतत सांगितला गेला. चौथीच्या मुलांची ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय वाचनचाचणी असते. तिच्यात स्वीडनचे गुण २०१६ मध्ये ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले.

आता गंमत बघा. २०११ मध्ये हेच गुण ५४२ होते. म्हणजे २०११ ते २०१६ या काळात, शाळांमध्ये स्क्रीन वाढत असतानाच, गुणही वाढले होते. आणि २०२१ ची चाचणी कोरोनाच्या काळातली. त्यामुळे ‘टॅब्लेटमुळे गुण पडले’ हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. सर्व्हर बंद पडला त्याच दिवशी तुम्ही नवा कोड टाकला असेल, तरी आधी लॉग तपासावा लागतो, तसंच हे.

आणि स्वीडनने शाळेतल्या सगळ्या स्क्रीन फेकून दिल्या, हेही खरं नाही. लहान वर्गांमध्ये पुस्तक आणि हाताने लिहिणं आधी, स्क्रीन नंतर, असा क्रम त्यांनी लावला. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत त्याचं ‘हद्दपार’ झालं.

मग खरा पुरावा कुठे आहे? तोच मजकूर कागदावर आणि स्क्रीनवर वाचायला देऊन तुलना केलेल्या अभ्यासांमध्ये.

तोच मजकूर, दोन माध्यमं

२०१८ मध्ये पाब्लो देलगादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५४ अभ्यासांचे निकाल एकत्र केले. एकूण वाचक १ लाख ७० हजारांहून जास्त. निष्कर्ष : तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो थोडा जास्त समजला. फरक प्रचंड नव्हता, पण सातत्याने दिसला. माहितीपर मजकुरात दिसला, वेळेचं बंधन असताना वाढला. निव्वळ गोष्टी वाचताना मात्र असा फरक आढळला नाही.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हे अभ्यास २००० ते २०१७ या काळातले होते. लोकांना स्क्रीनची सवय होत गेली तसा फरक कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढत गेला. ‘आजची मुलं मोबाइल घेऊनच जन्माला आलीत, त्यांना स्क्रीनवर जास्त कळतं’ हे वाक्य आपण सहज बोलतो. या निकालांमध्ये त्याला आधार मिळत नाही.

या अभ्यासांतले बरेच वाचक मोठ्या वयाचे होते. लहान मुलांचं काय? २०२१ मध्ये नॉर्वे आणि नेदरलँड्सशी संबंधित संशोधकांनी १ ते ८ वर्षांच्या मुलांवरचे ३९ अभ्यास एकत्र केले, एकूण १,८१२ मुलं. छापील गोष्टीचं पुस्तक जसंच्या तसं स्क्रीनवर टाकलं, तर मुलांना गोष्ट कागदावर जास्त कळली. पण स्क्रीनवरच्या पुस्तकात गोष्टीला धरून मदत असेल, म्हणजे गोष्टीतली घटना समजायला साहाय्य करणारं चित्र-हालचाल-आवाज असेल, तर स्क्रीन कागदाच्या पुढे गेली. आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगणारा शब्दकोश असेल, तर शब्द जास्त शिकले गेले, पण गोष्ट समजायला त्याची मदत झाली नाही.

म्हणजे एकच टॅब्लेट, एकच गोष्ट. आत काय प्रोग्राम केलंय त्यावर निकाल फिरतो. ‘स्क्रीन’ नावाची एकच वस्तू नाहीच मुळी.

पीडीएफ म्हणजे डिजिटल शिक्षण नव्हे

आपल्याकडे ‘डिजिटल’च्या नावाखाली बऱ्याचदा काय असतं? पाठ्यपुस्तकाची पीडीएफ. बालभारतीने पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत दिली आहेत, ही उत्तम सोय आहे. पुस्तक हरवलं, बदली झाली, परराज्यात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी घरात मुलाला शिकवायचंय, तर ती हाताशी असते. पण वर्गात पुस्तकाऐवजी पीडीएफ दिली तर काय होतं, ते तांत्रिक बाजूने बघा.

पाठ्यपुस्तकाचं पान मोठं, टॅब्लेटची स्क्रीन लहान. अख्खं पान दिसायला हवं तर अक्षर बारीक. अक्षर मोठं केलं तर ओळ स्क्रीनबाहेर. मग मूल पान डावीकडून उजवीकडे सरकवत वाचतं आणि पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना मधलीच ओळ पकडतं. छापील पानावर प्रत्येक गोष्टीचा पत्ता ठरलेला असतो : ‘ते कावळ्याचं चित्र डाव्या पानावर खाली होतं ना, त्याच्या वर.’ सरकत्या पानावर हा पत्ता बदलत राहतो.

दुसरी गोष्ट बोटाची. पहिलीचं मूल शब्दाखाली बोट ठेवून वाचतं. कागदावर बोट हा वाचनाचा आधार. टचस्क्रीनवर मात्र बोट म्हणजे आज्ञा. स्पर्श झाला की पान उलटतं, मोठं होतं नाहीतर मेनू उघडतो. ज्या सवयीने मूल वाचायला शिकतं, तीच सवय इथे आड येते.

मोठ्या स्मार्ट टीव्हीचा प्रश्न अजून वेगळा. अख्ख्या वर्गाला प्रयोगाचा व्हिडिओ दाखवायला तो छानच. पण धडा त्याच्यावर वाचून घ्यायचा तर पान उलटण्याचा हक्क फक्त रिमोट ज्याच्या हातात त्याचा. मागच्या बाकावरच्या मुलीला आधीची ओळ परत बघायची असेल तर ती बघू शकत नाही. पुस्तक असतं तर तिने पान मागे केलं असतं, बस्स.

मराठी अक्षरांचा वेगळाच घोळ

हा मुद्दा इंग्रजीतल्या संशोधनात सापडणार नाही, पण आपल्या मुलांसाठी तो खरा आहे.

राज्य शासनाच्या २००९ च्या प्रमाण वर्णमालेनुसार मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा लिहायचा असतो. पाठ्यपुस्तकात मूल तेच गिरवतं. मोबाइल किंवा टॅब्लेटवर मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाचा दंडवाला ‘ल’ आणि वेगळा ‘श’ दिसतो. कारण युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे, तो कसा काढायचा हे फाँट ठरवतो. फाँटमध्ये मराठी रूप असेल आणि ॲप बनवणाऱ्याने ‘हा मजकूर मराठी आहे’ असं कोडमध्ये नोंदवलं असेल, तरच पाकळीचा ‘ल’ येतो. मोठ्या माणसाला फरक पडत नाही. नुकतं अक्षर ओळखायला लागलेल्या मुलाला मात्र ही दोन वेगळी अक्षरं वाटू शकतात.

तीच गोष्ट चंद्रकोरी ‘र’ची. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे आपल्याकडे दोन शब्द आहेत, एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. हिंदीसाठी बनवलेल्या ॲपचं घाईत मराठी केलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला दिसतो. वाचून दाखवणारा आवाज हिंदीवर बेतलेला असेल तर ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ होतो, आणि ‘चहा’तला च व ‘चाका’तला च एकच वाटतो. पाठ्यपुस्तक अनेक हातांतून तपासून येतं. बाजारातल्या ॲपबद्दल तशी खात्री देता येत नाही. ही दुरुस्ती अवघड नाही, पण ती करून घ्यायची तर विकत घेणाऱ्या शाळेने आधी मागायला हवी.

गिरवायचं कशावर?

अक्षर लिहिण्याबद्दलही एक छोटा पण लक्षात राहणारा प्रयोग आहे. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचू न शकणाऱ्या पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे शिकवली : हाताने स्वतः काढून, गिरवून आणि कीबोर्डवर दाबून. नंतर अक्षरं बघताना मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनासाठी वापरला जाणारा मेंदूचा भाग स्वतः हाताने अक्षर काढलेल्या मुलांमध्ये जास्त जागा झालेला दिसला. अक्षरं रोमन होती आणि मुलं मोजकीच, त्यामुळे यावरून फार मोठी विधानं करू नयेत.

पण त्यातला धागा उपयोगी आहे. स्वतः काढलेलं अक्षर दरवेळी थोडं वेगळं, थोडं वाकडं येतं, आणि तरी तो ‘क’च असतो हे मूल शिकतं. ठिपके जोडायला लावून लगेच ‘शाब्बास’ म्हणणारं ॲप नेमकी हीच धडपड काढून घेतं. पाटीवर, वहीवर, अगदी धुळीत काठीने काढलेलं अक्षर इथे सरस ठरतं.

मग स्क्रीन कुठे कामाची?

स्क्रीनविरोधी लेख इथेच थांबतात. मी थांबणार नाही, कारण दुसऱ्या बाजूलाही भक्कम पुरावा आहे.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ६१९ मुलं होती. सोडत काढून काहींना शाळेनंतरच्या केंद्रात मोफत प्रवेश मिळाला, काहींना नाही. साडेचार महिन्यांत सोडत लागलेली मुलं गणितात आणि हिंदीत इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. ही मुलं माध्यमिक शाळेच्या वयाची होती, त्यामुळे निकाल पहिलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ते का घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

यातली बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. सहावीचं पुस्तक समोर आणि गणित चौथीचं येत नाही. पुस्तक सगळ्यांसाठी एकच असतं. ते मुलाला ओळखत नाही. सॉफ्टवेअरने प्रत्येकाची पातळी तपासली, तिथून प्रश्न दिले, चूक कुठल्या प्रकारची आहे ते पाहून पुढचा प्रश्न बदलला. आणि निम्मा वेळ संगणकावर, तर निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणाऱ्या माणसाबरोबर होता. हे काम कागदाला खरोखर जमत नाही.

आता याच्या उलट पेरूमधलं उदाहरण घ्या. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत ग्रामीण प्राथमिक शाळांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला. साधारण १५ महिन्यांनी गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्रं पोचली, पण शिकवण्यात काय बदलायचं हे ठरलेलं नव्हतं.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला तेव्हा ही कल्पना जगभर पोचली. पुढे पाठ्यपुस्तकांत कोड छापून येऊ लागले आणि ते केंद्राच्या ‘दीक्षा’ मंचावरचा मजकूर उघडतात.

एक अभियंता म्हणून मला ही रचना आवडते, कारण तिच्यात कामाची वाटणी चोख आहे. वाचायचं कागदावर. कवितेची चाल ऐकायची, फुलपाखराचं कोशातून बाहेर येणं बघायचं, तेवढ्यापुरती स्क्रीन उघडायची आणि बंद करायची. मोबाइल नसला, रेंज गेली, तरी पुस्तक चालूच राहतं.

पणाला काय लागलंय?

ग्रामीण भारतातल्या शाळांचं ‘असर’ सर्वेक्षण २०२४ सांगतं की सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा झाली आहे, पण चारांतली तीन मुलं अजून बाहेर आहेत. तिसरीत न वाचता येणारं मूल चौथीत परिसर अभ्यास कसा वाचणार? गणितातलं शाब्दिक उदाहरण कसं सोडवणार?

म्हणून शाळेच्या हातात येणारा पैसा आणि तास कशावर जातो, हे महत्त्वाचं. एका टॅब्लेटच्या किमतीत वर्गासाठी गोष्टींच्या पुस्तकांची चांगली पेटी भरते. पेटीतलं पुस्तक घरी जातं, तिथे धाकटी बहीणही ते चाळते, आजीलाही ते वाचून दाखवलं जातं. टॅब्लेट बहुतेक वेळा कपाटात कुलूपबंद राहतो, कारण तो फुटला तर जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं नसतं.

दप्तराचं ओझं हा स्क्रीनच्या बाजूने नेहमी येणारा मुद्दा. ओझं खरं आहे. पण त्यावर २०२३-२४ मध्ये राज्याने पुस्तकांचे चार भाग करून बघितले, आणि शाळेत पुस्तकांचा एक संच ठेवणं हाही मार्ग आहे. ओझ्याचं उत्तर स्क्रीनच असलं पाहिजे असं नाही.

पालकसभेत विचारायचे प्रश्न

शाळा ‘डिजिटल’ होतेय असं कळलं तर विरोध किंवा टाळ्या, दोन्हीच्या आधी एवढं विचारा :

१. हे ॲप पुस्तकाला न जमणारं काय करतं? उत्तर ‘पुस्तक स्क्रीनवर दाखवतं’ एवढंच असेल, तर पुस्तकच द्या.

२. मूल चुकलं की काय होतं? नुसती लाल फुली येत असेल तर ती वहीतही येते. चुकीनुसार पुढचा प्रश्न बदलत असेल, तर विचार करण्यासारखं आहे.

३. गोष्टीत खेळ, नाणी, फुगे आहेत का, आणि त्यांचा गोष्टीशी संबंध काय? संबंध नसेल तर मुलाचं लक्ष फुग्यांकडे जाणार.

४. यश कसं मोजता? आमच्या क्षेत्रात डॅशबोर्डवर सगळ्यात सहज दिसतं ते म्हणजे किती जणांनी, किती वेळ ॲप उघडलं. मुलाला कळलं का, हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी त्याच्याकडून एक अनोळखी परिच्छेद वाचून घ्यावा लागतो.

५. मराठी नीट आहे का? ‘ल’, ‘श’, ‘दऱ्या’, ‘ज्ञान’ एवढे चार शब्द-अक्षरं तिथल्या तिथे दाखवायला आणि ऐकवायला सांगा.

६. रोज किती वेळ? कोरोनाकाळात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सुचवली होती, तीही शाळा बंद असताना. शाळा चालू असताना त्याहून जास्त कशासाठी, हे शाळेने सांगावं.

७. वीज किंवा नेट गेलं तर तो तास कसा चालतो? ‘चालत नाही’ असं उत्तर आलं तर धडा चुकीच्या गोष्टीवर टांगलाय.

पहिली ते चौथीसाठी माझं मत असं : वाचायला कागद, लिहायला हात, आणि ऐकायला-बघायला किंवा मुलाची नेमकी पातळी शोधायला, मोजून-मापून, स्क्रीन. हे तिन्ही कुठल्या मुलाला कधी द्यायचं ते ठरवणाऱ्या शिक्षकाला प्रशिक्षण आणि वेळ मिळायला हवा, कारण दिल्लीतल्या त्या केंद्रांमध्येही निम्मा तास माणसाचाच होता. टॅब्लेटच्या कोटेशनमध्ये त्या निम्म्या तासाचा खर्च धरलाय का, हा आठवा प्रश्नही विचारून घ्या.